राजापूरचा मतदार राहतो कुठे?

लोकसभेची निवडणूक जवळ आली की तळकोकणावरच्या प्रत्येक लेखात एक उसासा ठरलेला असतो. ज्या मतदारसंघाने बॅरिस्टर नाथ पै यांना दिल्लीला पाठवलं, प्रा. मधु दंडवते यांना पाच वेळा पाठवलं, त्याची आज काय ही अवस्था! पुढची वाक्यं वाचणाऱ्याला तोंडपाठ असतात. व्यासंग गेला, साधेपणा गेला, ठेकेदार आले, राडे आले. दोष कधी पुढाऱ्यांवर, कधी पैशावर जातो, आणि लिहिणाऱ्याने फारच धीर केला तर मतदारावर. मतदार घसरला, एवढं म्हणून लेख आटोपतो.

मतदार घसरला की नाही हे ठरवण्याआधी तो मतदार नेमका कोण, आणि वर्षातले किती महिने तो त्या मतदारसंघात राहतो, हे विचारायला नको का? आधी राजापूर आणि २००९पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग, या मतदारसंघाचा इतिहास मला तरी याच प्रश्नाचा इतिहास वाटतो. मतदारसंघांची पुढची फेररचना आता फार लांब नाही. तेव्हा ‘कोकणावर अन्याय’ अशी ओरड पुन्हा होईल. ती होण्याआधी आपलीच बाजू एकदा तपासून घेतलेली बरी.

राजापूर मतदारसंघाने १९५७ ते २००४ या काळात तेरा निवडणुका पाहिल्या आणि त्या तेरा निवडणुकांत खासदार निवडले चारच. नाथ पै तीनदा, दंडवते पाचदा, सुधीर सावंत एकदा, सुरेश प्रभू चारदा. काँग्रेसला इथे यश मिळालं ते फक्त १९९१ मध्ये, सावंतांच्या रूपाने. महाराष्ट्र हा काँग्रेसचा बालेकिल्ला म्हणवला जायचा त्या काळातली ही गोष्ट आहे. १९७१च्या इंदिरा लाटेत प्रजा समाजवादी पक्षाचे देशभरात दोनच खासदार निवडून आले, एक बंगालमधल्या कांथीतून समर गुहा आणि दुसरे राजापुरातून दंडवते. १९८४च्या सहानुभूतीच्या लाटेत जनता पक्षाच्या वाट्याला देशात दहा जागा आल्या, त्यातली एक राजापूरची. दर वेळी देश एकीकडे वाहत होता आणि हा लाल मातीचा पट्टा आपल्या जागी उभा होता.

असं का व्हावं? कोकणी माणूस सुशिक्षित, चौकस, वाद घालणारा, म्हणून त्याने विद्वान निवडले, हे आपलं आवडतं उत्तर. ते ऐकायला गोड लागतं. पण १९५७ मध्ये शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघाने जनसंघाचे प्रेमजीभाई आसर निवडून दिले, आणि त्या वेळी जनसंघाचे देशात चारच खासदार होते. राजापुरात समाजवादी आणि रत्नागिरीत जनसंघ, एकाच वर्षी, एकाच जिल्ह्यात. दोघांच्या पाठीशी होती ती संयुक्त महाराष्ट्र समिती. लोकांनी तेव्हा तत्त्वज्ञानाला मत दिलं नव्हतं. मुंबई कोणाची, या प्रश्नाला दिलं होतं. आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला मुंबई कोणाची हा प्रश्न पोटाचा होता, कारण गिरणगावातल्या कामगारांत सगळ्यात मोठा भरणा त्याच्याच जिल्ह्याचा.

लालबाग-परळच्या चाळींतल्या गावकऱ्यांच्या खोल्या, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे पंधरा-वीस जण, बायकांनी चालवलेल्या खानावळी, गावाच्या नावाची मंडळं. राजापूरचं राजकारण या जागांवरून जितकं घडलं तितकं राजापूरच्या जवाहर चौकातून घडलं नसेल. युनियनच्या सभेला जाणारा भाऊ गावी पत्र धाडायचा, मनिऑर्डर धाडायचा, गणपतीला आणि शिमग्याला स्वतः यायचा. त्याच्याबरोबर मुंबईचं वारं यायचं. नाथ पै वेंगुर्ल्याचे होते, त्यांचं वक्तृत्व विलक्षण होतं आणि त्यांचा संसदेतला दबदबा खराच होता. मूलभूत हक्क संसदेला कमी करता येणार नाहीत असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार सांगणारं त्यांचं खाजगी विधेयक आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये झालेली चोविसावी घटनादुरुस्ती यांचं नातं घटनेच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. पण गावातल्या म्हातारीने नाथ पैंच्या झोपडी या चिन्हावर शिक्का मारला तो काही घटनादुरुस्तीचा अनुच्छेद ३६८ वाचून नाही. मुंबईहून आलेल्या मुलाने सांगितलं, शाळेच्या मास्तरांनी दुजोरा दिला, आणि बॅरिस्टर तिच्या वाडीत येऊन तिच्याच बोलीत चार शब्द बोलले, म्हणून.

यात कमीपणा मानायचं कारण नाही. त्या काळात एक कुटुंब दोन जागी राहत होतं आणि त्याचं अर्थकारण एकच होतं. कमावणारा मुंबईत, शेत कसणारी गावात. सल्ला मुंबईचा असला तरी मत टाकणारी ती गावातच राहत होती. विहीर आटली तर तिलाच लांब जावं लागायचं, साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून गेला तर तिचंच मूल शाळेत पोचत नव्हतं. मतदाराचा पत्ता आणि मतदाराचं जगणं यांत फारकत नव्हती.

दंडवते मूळचे नगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे. कोकणाने त्यांना परके मानलं नाही, कारण मुंबईचा माणूस कोकणाला परका नव्हताच. पुढे तर हीच रीत झाली. सुरेश प्रभू मुंबईत सनदी लेखापाल, सारस्वत बँकेचे अध्यक्ष. विनायक राऊत विधानसभेत आधी गेले ते विलेपार्ल्यातून. नारायण राणे मूळचे कणकवलीकडचे, पण त्यांचं राजकारण सुरू झालं चेंबूरच्या नगरसेवकपदापासून, मग बेस्टच्या अध्यक्षपदापर्यंत पोचून ते गावाकडे वळले. चाकरमान्यांच्या मतदारसंघाला खासदारही चाकरमानीच लाभले, असं कोणी थट्टेने म्हटलं तर त्यात फारसं चूक नाही.

आता १९९१. उसासा टाकणारे या वर्षावरून घाईने पुढे जातात, कारण त्यांच्या गोष्टीत ते बसत नाही. दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमची गादी आली ती त्यांच्यामुळे, हे त्या काळी प्रवास केलेला कोणीही सांगेल. कोकणात रेल्वे आणण्यासाठी नाथ पैंनी संसदेत आवाज उठवला, दंडवत्यांनी तो खाली पडू दिला नाही. शेवटी जुलै १९९०मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते आणि अर्थमंत्री होते मधु दंडवते. कोकणी माणसाच्या दोन पिढ्यांचं स्वप्न प्रत्यक्षात आणणारा, तिजोरीच्या चाव्या हातात असलेला, चारित्र्याला डाग नसलेला खासदार. वर्षभरात निवडणूक लागली आणि तो हरला.

म्हणजे विद्वत्तेची परंपरा कुण्या धनदांडग्याने येऊन मोडली नाही. मतदाराने ती मोडली, आणि तीही काम झालेलं डोळ्यांसमोर असताना. कारणं सांगितली जातात ती बरोबरच आहेत. जनता दलाची शकलं, मंडल, राजीव गांधींच्या हत्येनंतरचं वातावरण, कोकणात मूळ धरलेली शिवसेना. पण मला त्याखाली आणखी एक थर दिसतो. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव विस्कटलं ते पुन्हा उभं राहिलं नाही. युनियन गेली, तिच्याबरोबर समाजवाद्यांचा मुंबईतला पायाही गेला. त्या जागी शिवसेनेची शाखा आली. लालबागची खोली विकून माणूस डोंबिवलीला गेला, पुढे दिव्याला, नालासोपाऱ्याला, विरारला. आणि यातला खरा बदल हा की या वेळी तो एकटा गेला नाही. बायकोला घेऊन गेला, मुलांना तिकडच्या शाळेत घातलं, मागाहून आईलाही नेलं. गावातल्या घराला कुलूप लागलं. मतदारयादीतलं नाव मात्र तिथेच राहिलं.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ला पूर्ण सुरू झाली. तिने येणं सोपं केलं, तसं जाणंही. (गणपतीची तिकिटं आरक्षण उघडल्यावर काही मिनिटांत संपतात, यावरून येणं कितपत सोपं झालं हा वाद होऊ शकतो. तो इथे नको.)

आकड्यांकडे येऊ. १९७१च्या जनगणनेत अविभाजित रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास २० लाख होती आणि ठाणे जिल्ह्याची जवळपास २३ लाख. राज्यात जागा ४८, म्हणजे एका जागेमागे साडेदहा लाख माणसं. त्या हिशेबाने रत्नागिरीला दोन आणि ठाण्याला दोन, आणि जवळपास तसंच होतं. रत्नागिरी आणि राजापूर इकडे, ठाणे आणि डहाणू तिकडे. मग जागांचं गणित गोठवलं गेलं आणि तीस वर्षं कोणी मोजदाद केली नाही. २००१च्या जनगणनेवर आधारलेली फेररचना २००८ मध्ये लागू झाली तेव्हा एका जागेमागे वीस लाख माणसं होती. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून होते २५ लाख ६५ हजार, म्हणजे सव्वा जागा. एकटा ठाणे जिल्हा ८१ लाखांच्या पुढे गेला होता, म्हणजे बरोबर चार जागा. चारच मिळाल्या: ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघर. विधानसभेच्या ठाणे जिल्ह्यातल्या जागा १३ वरून २४ झाल्या. सिंधुदुर्गातल्या चारच्या तीन झाल्या. देवगड, मालवण, वेंगुर्ला ही नावं पुसून कणकवली आणि कुडाळ आली. राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून गेलं.

यात कोकणावर अन्याय कुठे झाला? गणित सरळ आहे. माणसाला मत असतं, डोंगराला किंवा हापूसच्या कलमाला नसतं. आणि कमी झालेली माणसं काही समुद्रात बुडाली नव्हती. ठाण्याच्या ८१ लाखांत ती मोजली गेली होती. कल्याण-डोंबिवलीला जी जागा नव्याने मिळाली तिच्यात राजापूर-लांज्याची, संगमेश्वर-देवगडची डोकी आहेत. जागा माणसामागून चालत गेली. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरीची सुमारे १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. दोन्ही जिल्हे मिळून २४ लाख ६५ हजार. २०११च्या हिशेबाने एका जागेला लागतात २३ लाख ४१ हजार. म्हणजे दोन अख्खे जिल्हे, बाणकोटच्या खाडीपासून तेरेखोलपर्यंत, मिळून एक खासदार. आता फेब्रुवारी २०२७च्या मोजणीत काय निघेल ते निघेल, पण कुलूपबंद घरांच्या वाड्या पाहिलेल्या माणसाला आकडा वाढेल अशी आशा वाटणार नाही.

माझा मुद्दा इथून पुढे सुरू होतो. जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते. मतदारयादी त्याला तो नाव ठेवतो तिथे मोजते. चाकरमान्याने या दोन मोजण्यांत आपलं शरीर ठाण्याला दिलं आणि नाव गावाला. परिणाम दुहेरी झाला. त्याच्या शरीराच्या बळावर दिवा-नालासोपाऱ्याच्या पट्ट्यात जागा वाढल्या, पण तिथे त्याचं मत नाही, म्हणून तिथल्या तुंबलेल्या नाल्याचा, पाण्याच्या टँकरचा, सकाळच्या लोकलमधून पडून मरणाऱ्यांचा जाब विचारताना त्याचं वजन शून्य. आणि गावात त्याचं मत आहे, पण तो राहत नाही, म्हणून तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसल्याचा, पटसंख्येअभावी बंद होणाऱ्या शाळेचा, दुपारची एसटी रद्द झाल्याचा, माकडं आणि रानडुकरं शेत ठेवत नसल्याचा त्रास त्याला होत नाही. सोसणारा एक आणि ठरवणारा दुसरा, हे दोन्ही ठिकाणी.

उमेदवारांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून मालवण-राजापूरच्या निवडणुकीचे मेळावे परळच्या सभागृहांपासून विरारच्या मैदानापर्यंत होतात, गावमंडळांच्या पदाधिकाऱ्यांची मनधरणी होते, मतदानाच्या आदल्या रात्री बसगाड्या सुटतात. २०२४ मध्ये इथे मतदान होतं ७ मे रोजी. मे महिना म्हणजे आंबे, लग्नं, जत्रा आणि मुंबईकरांनी भरलेलं गाव. एरवी चार म्हातारी माणसं राहतात त्या वाडीत त्या दिवशी केंद्रावर रांग लागते. ही रांग बघून लोकशाही फळफळली असं वाटत असेल तर ती जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, पुन्हा बघायला हवी.

अशा मतदाराला काय दाखवून जिंकता येतं? मंदिराचा जीर्णोद्धार, स्मशानाची शेड, वाडीपर्यंतचा डांबरी रस्ता, पाखाडीला, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेला, फरशी. वर्षातून दोन आठवडे येणाऱ्याला दिसतील अशा गोष्टी. बारमाही चालणाऱ्या गोष्टी त्याला दिसत नाहीत. नर्स रोज येते की नाही हे गणपतीच्या पाच दिवसांत कळत नाही. ठेकेदारीच्या राजकारणाबद्दल आपण जो उसासा टाकतो त्याचं एक मूळ इथे आहे. डोळ्यांनी दिसणारं बांधकाम हेच ज्या मतदाराला पटतं, त्याच्या मतदारसंघात बांधकाम करणारेच पुढारी होणार.

आणि राहतं कोण? २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. राज्याचा आकडा होता ९२९. हे बायकांचे जिल्हे आहेत. शेत लावतात त्या, गुरं बघतात त्या, बचतगट चालवतात त्या, तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्याला रिक्षात घालून सावंतवाडी नाहीतर थेट गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात नेतात त्या. १९५७पासून सतरा निवडणुकांत या मतदारसंघाने सात खासदार दिले. सगळे पुरुष. शेजारच्या रत्नागिरीने निदान १९६२ आणि १९६७ मध्ये शारदा मुखर्जी यांना पाठवलं होतं. राजापूरला तेही सुचलं नाही, आणि ज्या नाथ पै-दंडवत्यांच्या परंपरेचे आपण गोडवे गातो तिलाही नाही. प्रमिला दंडवते १९८० मध्ये लोकसभेत गेल्या त्या मुंबईतून.

कायदा याबाबत धूसर नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० सांगतो की एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात, एकदाच असेल. नाव तिथे असेल जिथे तो सर्वसाधारणपणे राहतो. आणि कलम २० तर जणू कोकणी माणसाला समोर बसवूनच लिहिलंय: एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचं आहे किंवा ताब्यात आहे, एवढ्यावरून तो तिथला रहिवासी ठरत नाही. घरपट्टीची पावती म्हणजे मताचा हक्क नव्हे. तात्पुरतं बाहेर असणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. जहाजावरचा खलाशी, हंगामापुरता बाहेर गेलेला, शिकायला गेलेला, यांचं नाव गावात राहू शकतं. पण पंचवीस वर्षं डोंबिवलीत राहून, तिथलं रेशनकार्ड काढून, मुलीचं लग्नही तिथेच लावून ‘मी तात्पुरता बाहेर आहे’ असं कोणी म्हणत असेल, तर ती श्रद्धा झाली, वास्तव्य नव्हे. दोन्हीकडे नाव ठेवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. अलीकडच्या स्थानिक निवडणुकांत दुबार वाटणाऱ्या नावांपुढे दोन तारका छापल्या गेल्या, दुबार नावांवरून मुंबईत मोर्चा निघाला, एकमेकांवर आरोप झाले. त्या गदारोळात बोट नेहमी परप्रांतीयाकडे होतं. गावच्या आणि विरारच्या यादीत एकाच वेळी असलेल्या आपल्या काकाकडे कोणी बोट दाखवलं नाही.

याला विरोध करणारे म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही, की चाकरमान्याचं गावाशी नातं पाहुण्याचं नाही. गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या परंपरागत रीतिरिवाजांत, त्याचा मान आहे, पालखी त्याच्या खांद्यावर नाचते, गावातल्या शाळेचं छप्पर त्याच्या वर्गणीतून झालंय, निवृत्त झाल्यावर तो परत येणार आहे. शिवाय नाणारचं उदाहरण आहे. राजापूर तालुक्यातल्या त्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाविरोधात गावं उभी राहिली तेव्हा मुंबईतल्या गावमंडळांनी सभा घेतल्या, कागदपत्रं तयार केली, मंत्रालयात खेपा घातल्या. मार्च २०१९ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, भाजप-शिवसेनेच्या युतीची अट म्हणून नाणारमधला प्रकल्प रद्द झाला आणि तीन महिन्यांच्या आत राऊत पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी जिंकले. मुंबईतला मतदार गावात नसता तर एवढं वजन पडलं असतं का?

कदाचित नसतं पडलं. हे मी मान्य करतो. पण मुंबईकरांनी त्या लढ्याला जे दिलं ते मतापेक्षा मोठं होतं. लिहिता-बोलता येणारी माणसं, वकील, वर्तमानपत्रांत ओळखी, आणि सातबाऱ्यावरचं नाव. यातल्या कशासाठीही गावच्या यादीत नाव लागत नाही. जमीनमालक म्हणून त्याला हरकत घेता येते, तो भोपाळचा रहिवासी असला तरीही. उलट नाणारनंतर त्याच प्रकल्पासाठी पुढे आलेल्या राजापूर तालुक्यातल्याच बारसूच्या सड्यावर एप्रिल २०२३ मध्ये मातीपरीक्षणाच्या वेळी पोलिसांसमोर भर उन्हात आडव्या पडल्या त्या तिथल्याच बायका होत्या. प्रकल्प झाला तर धुराच्या शेजारी राहणार त्या, नाही झाला तर रोजगारावाचून मुलगा मुंबईला जाणार तो त्यांचाच. हो म्हणायचं की नाही, हा निर्णय त्यांच्या मतावर व्हावा. त्यांनी प्रकल्पाला हो म्हटलं तर मला दुःख होईल, पण तो हक्क त्यांचा आहे.

निवृत्त होऊन परतणाऱ्यांचं म्हणाल तर ते परतले की नाव परत आणावं. त्याला कोणाची ना नाही.

२०२४चा निकाल या दृष्टीने बघितला तर आणखी काही दिसतं. नारायण राणे यांनी विनायक राऊत यांचा ४७,८५८ मतांनी पराभव केला. विधानसभानिहाय पाहिलं तर चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूरने राऊतांना आघाडी दिली, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडीने राण्यांना. मतदारसंघ मधोमध फाटला, आणि फाटला तो नेमका जिल्ह्याच्या रेषेवर. २००८ मध्ये दोन जिल्हे एका दोरीने बांधले, ते सोळा वर्षांनंतरही एकजीव झालेले नाहीत. चिपळूणचा प्रश्न वाशिष्ठीच्या पुराचा आहे. सावंतवाडीचा प्रश्न असा की तिथली तरुण पोरं पहाटे दुचाकीवरून गोव्यातल्या कंपन्यांत जातात. दोघांना एकच खासदार आहे आणि दोघांमधलं अंतर त्या रखडलेल्या मुंबई-गोवा महामार्गाने, जिथे तो झालाय तिथे, दोनशे किलोमीटरहून अधिक.

म्हणून पुढच्या फेररचनेत कोकणाने भांडायचंच असेल तर जागांच्या संख्येवर भांडू नये. ते भांडण आपण हरणार, आणि हरायलाच हवं. भांडावं ते शिवणीवर, म्हणजे कोणता भाग कोणाला जोडायचा यावर. २००८ मध्ये खरी चूक तिथे झाली. परिसीमन कायदा सांगतो की मतदारसंघ सलग असावा, डोंगर-नद्यांसारखी नैसर्गिक रचना, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. असं असताना पनवेल, कर्जत आणि उरण घाट चढवून मावळात टाकले. उरणच्या खाडीतला आगरी मच्छीमार आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातला कामगार एकाच खासदाराचे मतदार झाले. गुहागर-दापोली अलिबाग-पेणला जोडले गेले. लोकसंख्येचा आकडा जुळला, माणसं जुळली नाहीत. २०२७च्या जनगणनेनंतर आकडा आणखी कमी पडला तर तळकोकणाला कुठे शिवतील? घाट चढून कोल्हापूरकडे? हा प्रश्न परिसीमन आयोगासमोर सुनावणीत मांडायला आतापासून तयारी लागते. २००८च्या आराखड्यावर हरकती मागवल्या गेल्या होत्या, सुनावण्याही झाल्या होत्या. आपण तेव्हा एकेका पुढाऱ्याचा हक्काचा मतदारसंघ वाचतो की जातो यात गुंतलो होतो.

पण आयोगासमोर हे बोलायला जो उभा राहील त्याला आधी एक प्रश्न विचारला जाईल, आणि तो योग्यच असेल: तुमच्या मतदारयादीत साडेचौदा लाख नावं आहेत, त्यातली किती माणसं आज तिथे राहतात? मे महिन्यातसुद्धा मतदान बासष्ट टक्क्यांच्या आसपास थांबतं, उरलेली कुठे आहेत? याचं उत्तर कोणत्याही पक्षाला नको आहे. सिंधुदुर्गात ज्यांची सत्ता आहे त्यांना नको, कारण त्यांच्या बसगाड्यांचं गणित बिघडेल. विरोधकांना नको, कारण त्यांचा मुंबईतला शाखाप्रमुख हाच गावातला प्रचारक आहे. गावमंडळांनाही नको, कारण निवडणुकीच्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षाला जो भाव येतो तो नाव कापल्यावर येणार नाही.

त्यामुळे सुरुवात झाली तर ती डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरार इथेच होईल. वास्तव्य बदलल्याचा अर्ज क्रमांक ८ असतो, तो मोबाइलवरूनही भरता येतो. त्यात नवा पत्ता आणि त्याचा पुरावा द्यायचा, जुन्या यादीतलं नाव कार्यालय स्वतः वगळतं. गणपतीला घर उघडायला, पालखीला खांदा द्यायला, जमिनीसाठी कोर्टात उभं राहायला त्याने काही आडकाठी येत नाही.